वीस मिनिटं

डॉक्टरांनी त्याला रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. एकतीस वर्षं एका जागी उभं राहून इस्त्री फिरवल्यामुळे त्याच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगून दोरीसारख्या झाल्या होत्या. अर्धा तास सकाळी, जमलंच तर अर्धा तास संध्याकाळी, इतकं साधं औषध. पण काही माणसांना साधं औषध मानवत नाही. इस्त्रीवाला दुकान बायकोच्या हवाली करून त्रेचाळीस दिवसांच्या पदयात्रेला निघून गेला.

"अर्धा तास म्हणाले होते हो डॉक्टर," बायको ज्याला त्याला सांगायची. "पण आमच्याकडे ऐकायची बोंब."

परत आला त्याला आता सात आठवडे झाले होते. पहिले चार दिवस त्याची चांगलीच चलती होती. कपडे टाकायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तीन प्रश्न विचारायचं: पाय किती सुजले, वजन किती उतरलं आणि वाटेत संडासाची सोय कशी होती. तिन्हींची उत्तरं देऊन तो चौथ्या प्रश्नाची वाट बघत उभा राहायचा, तोवर गिऱ्हाईक "पँटची घडी जरा कडक हवी हां" असं म्हणून पायरी उतरलेलं असायचं. पाचव्या दिवसापासून तेही बंद झालं.

दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. टेबलामागे जिथे तो उभा राहायचा तिथल्या दोन फरशांवरची नक्षी पार झिजून गेली होती. शेजारच्या फरशांवर फुलं अजून होती. त्याच्या माघारी बायकोनं वाफेची नवी इस्त्री घेतली होती, कपड्यांना लावायच्या कागदी चिठ्ठ्या जाऊन रंगीत चिमटे आले होते, आणि टेबल खिडकीकडे सरकलं होतं. काम पूर्वीपेक्षा लवकर आटपायचं. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही हे कळायला माणसानं एकदा महिनाभर बाहेर जाऊन यावं. ज्याला ते सोसणार नाही त्यानं मात्र घरीच बसावं.

बायको वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिले आठ दिवस तिनं सगळं ऐकून घेतलं. पण आपण न पाहिलेल्या धरणाच्या भिंतीवरचं धुकं माणूस किती वेळा ऐकणार? नवव्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "त्या धरणाच्या भिंतीवर ना..." आणि ती म्हणाली, "धुकं होतं." त्यात टोमणा नव्हता. तरी त्यानंतर त्यानं विषय काढला नाही.

विषय काढला नाही म्हणून तो संपला थोडाच! पहाटे पावणेपाचला त्याचे डोळे आपोआप उघडायचे. वाटेवर या वेळी कुठल्यातरी शाळेच्या थंडगार वर्गात झोपायच्या पिशव्यांच्या चेनी एकेक करून सरकायला लागायच्या, कुणीतरी अंधारात दुसऱ्याचाच मोजा पायात चढवायचं, आणि दार उघडलं की ओल्या मातीचा वास आत यायचा. इथे दार उघडलं की समोरच्या गॅरेजचं शटर. तो घरातल्या घरात स्वयंपाकघर ते दुकान अशा फेऱ्या मारायचा. दुपारी ओलसर सुती कापडावर तापलेली इस्त्री टेकली की जो वास येतो, त्या वासानं तर तो थेट तिकडेच जाऊन पोचायचा. त्याला त्या वाटेची इतकी ओढ लागली होती की शर्टाची बाही सरळ करता करता हात थांबायचा आणि बायको म्हणायची, "अहो, जळेल."

आणि ज्या वळणावरून आठवण सुरू व्हायची, तिथे टपालदादा उभे असायचे.

टपालदादा म्हणजे सहासष्ट वर्षांचे निवृत्त पोस्टमन. दुसऱ्या दिवशी एका वस्तीतून जाताना सगळी कुत्री बाकीच्या शंभर माणसांना सोडून या एकट्या माणसावर भुंकायला लागली. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "नोकरी सुटून आठ वर्षं झाली, पण यांच्या खात्यात अजून नोंद झालेली नाही." इस्त्रीवाला हसला तो हसतच राहिला, आणि तिथून पुढे दोघं बरोबर चालले. टपालदादांना वाटेतली प्रत्येक टपालपेटी तपासायची खोड. ही फार खाली लावलीय, हिच्यात पाणी शिरणार, ही माणसं पत्राची वाट बघत नाहीत, जाळं बघा केवढं. इस्त्रीवाल्याचीही एक विद्या तिथे उजेडात आली. मुक्कामाला पोचल्यावर शर्ट धुऊन तो ओलसर असतानाच सपाट बाकावर पसरायचा, स्टीलच्या मगमध्ये उकळतं पाणी भरायचं आणि तो तापलेला मग शर्टावरून इस्त्रीसारखा फिरवायचा. कडक घडी पडायची. दहाव्या दिवसापर्यंत त्याच्यापुढे रांग लागायला लागली. "इस्त्रीबुवा" हे नाव टपालदादांनीच पाडलं. त्यांचे दोन शर्ट होते. ते दोन्ही इस्त्रीबुवांनी त्रेचाळीस दिवसांत आलटून पालटून इतके वेळा हाताळले, की बायकोच्या साडीचे काठही त्याला तितके पाठ नव्हते.

एवढं असून दोघांनी एकमेकांना नाव-गाव विचारलं नाही. पहिल्या दिवशी सुचलं नाही. दहाव्या दिवशी विचारायची लाज वाटली, की इतके दिवस काय विचारलं नाहीत? तिसाव्या दिवशी तर गरजच उरली नव्हती. शेवटी टेकडीवर यात्रा पुरी झाल्यावर सावकाश विचारू, असं त्यानं ठरवून ठेवलं होतं.

ती वेळच आली नाही. टपालदादांचा उजवा गुडघा एकोणचाळिसाव्या दिवशी सुजला. शेवटच्या दिवशी टेकडीवरच्या स्थानापर्यंतची वाट न बोलता चालायची असते, ज्यानं त्यानं आपापल्या चालीनं. कुणी कुणासाठी थांबत नाही, तसा रिवाजच आहे. चार किलोमीटर उरले असताना टपालदादा एका छोट्या पुलाच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी हातानं खूण केली: व्हा पुढे. इस्त्रीवाला पुढे झाला. रिवाज होता म्हणून झाला, असं म्हणता आलं असतं. पण खरं हे, की त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटलं. चार दिवस तो लंगडणाऱ्या माणसाच्या चालीनं चालला होता. आता पाय मोकळे झाले, आणि एकतीस वर्षं उभ्या असलेल्या त्या पायांनी मागचापुढचा विचार केला नाही.

वर पोचून त्यानं, यात्रा जिथे संपते त्या भिंतीला हात लावला आणि पायऱ्यांकडे तोंड करून बसला. वीस मिनिटं बसला. मग खाली स्टेशनकडे जाणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर ओरडला, "एक सीट, एक सीट, नंतरची दोन तासांनी!" आणि तो उठून त्या सीटवर जाऊन बसला. का बसला ते त्याला आजही सांगता आलं नसतं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "आणि ते पोस्टमन?" तर तो म्हणाला, "अंधार पडेपर्यंत थांबलो. चुकामूक झाली."

तर सात आठवडे हे असं चाललं होतं. तो माणूस वर पोचला की नाही? की त्या कठड्यावरच काही झालं? खाई त्याला खवखवे. यात्रेच्या प्रमाणपत्रावर टेकडीच्या पायथ्याच्या कार्यालयाचा फोन नंबर होता. बायको बाजारात गेलेली बघून त्यानं तो लावला. पलीकडचा कारकून म्हणाला, "नाव सांगा." नाव माहीत नाही, पण पोस्टमन होते, उंच, उजवा गुडघा... "साहेब," कारकून म्हणाला, "वर्षाला साठ हजार माणसं येतात. त्यात पोस्टमन किती आणि गुडघे किती, ते आम्ही लिहून ठेवत नाही."

त्याच आठवड्यात त्याच्या हातून एक चूक झाली. नव्या गिऱ्हाइकाचे कपडे आले, की कॉलरच्या आत पक्क्या शाईनं दुकानाची खूण आणि गिऱ्हाइकाचा नंबर टाकायचा, ही या धंद्यातली जुनी रीत. ही शाई धुण्यानं जात नाही. कापड विरतं, पण खूण राहते. प्रत्येक लाँड्रीची खूण वेगळी. याच्या दुकानाची खूण फुली आणि खाली आडवी रेघ. बँकेत नव्यानं बदलून आलेल्या बाईंच्या नवऱ्याचे पाच शर्ट होते. त्यानं बोरू शाईत बुडवून पाचही कॉलरी उरकल्या आणि वाळत ठेवल्या. थोड्या वेळानं बायकोचा आवाज आला.

"अहो! हे काय काढून ठेवलंत?"

पाचही कॉलरींच्या आत वाकडा अर्धचंद्र, पोटात दोन टिंबं आणि शेजारी शेहेचाळीस. बायकोनं कपाळाला हात लावला. पक्की शाई, आणि तीही दुसऱ्याच लाँड्रीची; एखाद्यानं आपल्या मुलाला शेजाऱ्याचं आडनाव लावावं तसला प्रकार. ती पुढे बरंच बोलली, आणि तिचं काही चुकलं नाही. पण तो त्या खुणेकडेच बघत उभा होता. त्रेचाळीस दिवस रोज संध्याकाळी टपालदादांच्या शर्टाची कॉलर उलटी केली की हीच खूण समोर यायची. डोक्याला जे सुचलं नव्हतं, ते हातानं लिहून दिलं होतं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्टार्चवाला आला. हा बारा गावचं पाणी प्यायलेला फिरता विक्रेता. स्टार्च, नीळ, पक्की शाई आणि हँगर घेऊन चाळीसेक लाँड्र्या फिरायचा. इस्त्रीवाल्यानं त्याला कॉलर उलटी करून दाखवली.

"हा अर्धचंद्र कुणाचा?"

स्टार्चवाल्यानं चष्मा वर केला. "चंद्र कसला? केळं आहे ते. केळेवाल्या बाईंची लाँड्री. आधी तिथे केळ्यांची वखार होती, म्हणून खूण केळ्याची. पण त्यांची खूण तुमच्या शर्टात? धंदा विकलात की काय?"

"यांनी तो विकायच्या आत मीच यांना विकेन म्हणते," आतून बायको म्हणाली.

गाव बसनं तीन तासांवर होतं. स्टार्चवाल्याकडून नंबर घेऊन त्यानं तिथेच, बायकोसमोर, फोन लावला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"गिऱ्हाइकाचा पत्ता मी देत नाही," केळेवाल्या बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तुम्ही कोण? वसुलीवाले?"

"मी इस्त्रीवाला आहे. तुमचाच धंदा."

"मग तर मुळीच देत नाही. गिऱ्हाईक पळवाल."

त्यानं सगळं सांगितलं. पदयात्रा, उकळत्या पाण्याचा मग, कॉलर, गुडघा. पलीकडे इस्त्री बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. मग बाई जरा खालच्या सुरात म्हणाल्या, "शेहेचाळीस नंबरचे दर गुरुवारी दोन शर्ट यायचे. वीस वर्षं खंड नाही. यात्रेला गेले तेव्हापासून जे बंद झालेत ते बंदच. मला वाटलं, अजून परतले नाहीत. पोस्टाच्या मागची गल्ली, हिरवं दार. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

फोन ठेवून तो तसाच उभा राहिला. बायको त्याच्याकडे बघत होती.

"जाऊन या," ती म्हणाली. "नाहीतर उद्या सहावा शर्ट बिघडवाल. आणि बसनं जा हां. चालत नको."

दुसऱ्या दिवशी बसच्या खिडकीतून त्याला रस्ता मागे पळताना दिसत होता. वाटेवर चार दिवसांत जेवढं कापलं असतं, तेवढं ही गाडी एका झोपेत कापत होती. शेजारचा माणूस खरंच झोपला होता. कुणी मेलेलं असलं तर आपण दारात काय बोलायचं, याची तो मनातल्या मनात जुळवाजुळव करत होता, आणि काही केल्या पहिलं वाक्य जमत नव्हतं.

हिरव्या दारावर पाटी नव्हती. पोस्टमनच्या घराला कशाला हवी पाटी? दार एका ठेंगण्या बाईंनी उघडलं. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे, मनगटाच्या वर इस्त्री लागल्याचा जुना डाग होता तिथे.

"अगं बाई! इस्त्रीबुवा ना तुम्ही? या, या भावजी, आत या!" आणि मागे वळून, "अहो, कोण आलंय बघा! अहो!"

त्या नवऱ्याला नुसतं "अहो" म्हणत होत्या, म्हणजे नाव आताही कळायची सोय नव्हती. पण ज्याला "अहो" म्हणून हाक मारतात तो माणूस जिवंत असतो. मिळाली त्या खुर्चीत इस्त्रीवाला बसला. वहिनींनी तोवर भिंतीपलीकडच्या दोघी शेजारणींना हाका मारून बोलावलं होतं.

"हेच ते! यांनीच शेवटच्या पायऱ्यांवर आमच्या ह्यांना हात धरून वर नेलं. दोघांनी मिळून भिंतीला हात लावला. आणि भावजी, तुम्हीच जास्त रडलात म्हणे!"

आतल्या दारात टपालदादा उभे होते. अंगात बनियन, हातात काठी, दाढीचे खुंट वाढलेले. वाटेवर हा माणूस रोज दाढी करायचा, दगडावर आरसा टेकवून. ते नुसते इस्त्रीवाल्याकडे बघत राहिले, आणि त्या नजरेत काय मागणं होतं ते आंधळ्यालाही कळलं असतं. ते वर पोचलेच नव्हते.

"रडलो म्हणजे काय वहिनी," इस्त्रीवाला म्हणाला, "धाय मोकलून रडलो. यांनीच मला आवरलं."

मग चहा झाला, आणि शेजारणींनी विचारलं ते सगळं त्यानं सांगितलं. जिथे 'मी' होतं तिथे 'आम्ही' घालायचं, एवढंच काम होतं. इतके दिवस ज्या प्रश्नाची तो वाट बघत होता तो प्रश्न इथे अखेर त्याला विचारला गेला, तुम्हाला तेव्हा कसं वाटलं हो, आणि उत्तर नेमकं खोटं द्यावं लागलं. टपालदादा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"आल्यापासून घरातच बसून असतात," वहिनी चहाचे कप उचलताना म्हणाल्या. "वाचनालयवाल्यांनी सत्कार ठेवला होता, गेले नाहीत. शर्ट म्हणून अंगाला लावला नाही. तुम्ही तरी सांगा काही."

साडेतीनला तो निघाला, तेव्हा टपालदादांनी खुंटीवरचा शर्ट काढला. "मी स्टँडपर्यंत येतो." शर्टाची बटणं लागेपर्यंत वहिनी तिथून हलल्या नाहीत.

दोघं गल्लीतून निघाले. इस्त्रीवाल्याची पावलं आपोआप आखूड झाली. ती चाल त्याच्या पायांना आठवत होती. कोपऱ्यावरच्या पेटीशी टपालदादा थांबले. "झाकण सैल झालंय," म्हणाले. वाटेवरचं सुख असं एवढंसंच होतं, आणि ते इस्त्रीवाल्याला पुन्हा मिळालं होतं.

स्टँडच्या बाकावर बसल्यावर टपालदादांनीच सुरुवात केली.

"तुम्ही वळणाआड गेलात. मी उठून बघितलं, गुडघ्यानं साफ नाही म्हटलं. खाली जाणारी दुधाची गाडी आली, तिला हात केला. चार किलोमीटर, इस्त्रीबुवा. माझं सकाळचं पहिलं वाटप चार किलोमीटरचं असायचं, चहाच्या आधी. गावात म्हणतात, पाय असावेत तर पोस्टमनसारखे. घरात शिरलो तर हिनं सगळी गल्ली गोळा केली होती. कुठल्या तोंडानं सांगणार? निघून गेलं तोंडातून."

"चालायचंच," इस्त्रीवाला म्हणाला.

"आता खरं सांगा. वर काय आहे? लोक विचारतात, आणि मी काहीबाही ठोकून देतो."

इस्त्रीवाल्यानं सांगितलं. शेवटच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. भिंत वाटते त्यापेक्षा गार असते. माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर हात लागून लागून काळी तुळतुळीत झालीय. बाजूला एक गळका नळ आहे. एक म्हातारी पायाची पट्टी सोडून टाचेकडे बघत बसली होती. वारा खूप. आणि आपण चाललो ती वाट तिथून दिसत नाही, नुसते डोंगर दिसतात.

टपालदादा डोळे मिटून ऐकत होते. "नळ कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"मी उजव्या सांगितलाय."

"मग उजव्या."

दोघंही हसले. अगदी त्या कुत्र्यांच्या दिवसासारखे नाही, पण हसले.

"खोट्याचं एक वेळ चालतं हो," टपालदादा म्हणाले. "ते पचतं माणसाला. मला झोप येत नाही ती वेगळ्याच कारणानं. दुधाच्या गाडीत बसलो आणि मनात आलं, अरे, तो वर बसला असेल. पायऱ्यांकडे बघत. अंधार पडत असेल, थंडी वाजत असेल, आणि हा वेडा माणूस माझ्यासाठी जागचा हलत नसेल. तुमचा स्वभाव मला ठाऊक ना! वर जाणाऱ्या कुणाकडे तरी निरोप द्यायला हवा होता. अडतीस वर्षं लोकांचे निरोप घरोघर पोचवले आणि तुम्हाला एक पाठवला नाही मी. सत्कार-बित्कार कसला घेऊ? तुम्हाला तसं बसवून ठेवल्याची लाज वाटते. किती वेळ बसला होतात?"

'अंधार पडेपर्यंत.' शब्द जिभेवर तयार होते, घरी घोटून पक्के झालेले. ते म्हणून टाकायचे आणि गाडीत बसायचं; हा माणूस आपले पाय धरायलाही कमी करणार नव्हता. पण मग टपालदादांनी जन्मभर ती लाज वागवायची, आणि आपण ती मान खाली घालून बघायची. घरात शेजारणींसमोर बोललेलं खोटं टपालदादांसाठी होतं. हे खोटं त्याच्या स्वतःसाठी झालं असतं.

"वीस मिनिटं," तो म्हणाला.

"अं?"

"वीस मिनिटं बसलो. खाली जायला गाडी होती, तीत एक सीट होती. गेलो. पुलापाशी तुम्हाला सोडलं तेव्हाही मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, सुटलो एकदाचा."

टपालदादा समोरच्या रिकाम्या फलाटाकडे बघत राहिले. एका माणसानं केळ्याचं साल टाकलं, दुसऱ्यानं ते पायानं बाजूला सारलं.

"वीस," ते म्हणाले.

"हो."

"मग बरंच की. मीच उगाच जिवाला लावून घेतलं." त्यांनी काठी टेकली, दुसरा हात बाकावर दाबून उठले. इस्त्रीवाल्यानं आधाराला हात पुढे केला, पण तोवर ते उभे राहिले होते. "गाडी येईलच तुमची. सांभाळून जा."

ते निघाले. कोपऱ्यावर पेटी होती, सैल झाकणाची. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वळणावर त्यांचा शर्ट क्षणभर दिसला आणि मग दिसेनासा झाला. मागे धावत जाऊन त्यांना गाठणं काही अवघड नव्हतं, लंगडा माणूस जाऊन जाऊन किती लांब जाणार? पण गाठून बोलायचं काय? जे होतं ते सांगून झालं होतं, आणि त्यात एक अक्षरही कमी करण्यासारखं नव्हतं. त्या क्षणी त्याला जितकं एकटं वाटलं, तितकं घरातल्या पहाटेच्या फेऱ्यांतही कधी वाटलं नव्हतं. इतके दिवस निदान त्या माणसाची आठवण तरी सोबतीला होती.

चारची गाडी आली. कंडक्टरनं दारात लोंबकळत गावाचं नाव पुकारलं. इस्त्रीवाल्यानं पिशवी उचलली, आणि पुन्हा मांडीवर ठेवली. गाडी गेली.

बाकावर ऊन होतं ते सरकत फलाटाच्या कडेला गेलं. चहाच्या टपरीवाल्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचं सोडलं. गल्लीच्या तोंडाशी कुणी दिसलं की तो सरसावून बसायचा. एक बाई आली, शाळेतून सुटलेली मुलं आली, एक सायकल आली. बायकोचा फोन आला, "निघालात का?" तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "अजून नाही." ती जरा थांबली. "भेटले ना?" "भेटले." "मग?" तो गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि तिनंही, आश्चर्य म्हणजे, पुढे विचारलं नाही. "डबा झाकून ठेवते," म्हणाली.

पावणेसहाला त्याच्या गावाची पुढची गाडी लागली. तिच्या कंडक्टरनं टपरीवर चहा घेता घेता बाकाकडे पाहिलं आणि तो जवळ आला.

"काका, टपरीवाला म्हणतो, चारच्या आधीपासून इथेच आहात तुम्ही. चला, ही शेवटची गाडी आहे. यानंतर थेट उद्या सकाळी."

"जाऊ द्या."

"कुणी यायचंय का?"

"यायचंय असं काही नाही," इस्त्रीवाला म्हणाला. "मी थांबलोय."

कंडक्टर गाडीत चढला, त्यानं दोनदा घंटी वाजवली, आणि गाडी निघून गेली.